उत्तर: माध्यमिक शाळेसाठी वेबसाइट की ब्लॉग, आणि अभ्यासाचं साहित्य नेमकं कसं ठेवायचं

सर, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की आठवी ते दहावीची शाळा, साडेतीनशेच्या आसपास पट, मुख्याध्यापकांना स्नेहसंमेलनात वेबसाइटचं उद्घाटन करायचंय, गावातल्या कॉम्प्युटरवाल्याने २५ हजार सांगितलेत, आणि तुम्हाला ठरवता येत नाहीये की वेबसाइट करावी, ब्लॉग करावा की आहे तसं व्हॉट्सॲप ग्रुपवर पीडीएफ टाकत राहावं. मी माण तालुक्यात माध्यमिकला विज्ञान शिकवते, शाळेचं हे काम २०१४ पासून माझ्याकडे आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते, वेळ काढून वाचा.

आधी ते २५ हजार. देऊ नका. आमच्या शाळेने पहिल्यांदा अशीच करून घेतली होती, वर सरकणारी चित्रं, संस्थापकांचा फोटो, मुख्याध्यापकांचं मनोगत, आमची वैशिष्ट्ये, फोटो गॅलरी. उद्घाटन झालं, पेढे वाटले. पण डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, त्या करणाऱ्याच्या नावावर, पासवर्ड त्याच्याकडे, सुट्टीची एक सूचना बदलायची तरी त्याला फोन करायचा. दीड वर्षाने तो दुसऱ्या धंद्यात गेला, फोन उचलेना, डोमेनची मुदत संपली, आणि एक दिवस एक पालक ऑफिसात येऊन म्हणाले की मॅडम, शाळेच्या वेबसाइटवर पत्त्यांच्या जुगाराची जाहिरात येतेय. तोपर्यंत तो पत्ता लेटरहेडवर छापलेला होता, गेटच्या पाटीवर ऑइलपेंटने रंगवलेला होता. मला आजही त्याचं वाईट वाटतं, कारण चूक त्या माणसाची जितकी तितकीच आमची होती, आम्ही कुणी विचारलंच नव्हतं की हे नाव कुणाच्या मालकीचं आहे.

म्हणून पहिलं काम हे की नाव शाळेचं असलं पाहिजे. साधं डॉट इन डोमेन वर्षाला हजार रुपयांच्या आतबाहेर मिळतं. डॉट ईडीयू डॉट इन हवं असेल तर ते अर्नेट इंडिया ह्या सरकारी संस्थेकडून घ्यावं लागतं, संस्थेची कागदपत्रं लागतात, थोडा वेळ जातो, पण ते शैक्षणिक संस्थेलाच मिळतं, कुणी मध्यस्थ स्वतःच्या नावावर घेऊन ठेवू शकत नाही, हा त्याचा खरा फायदा. जीमेल खातंसुद्धा शाळेच्या नावाने उघडा, रिकव्हरीचा नंबर ऑफिसातल्या मोबाइलचा द्या, तुमचा स्वतःचा नको, कारण उद्या तुमची बदली झाली की त्या नंबरवर येणारा ओटीपी तुमच्यासोबत दुसऱ्या गावाला जाणार. ब्लॉगरमध्ये (गुगलची ब्लॉग लिहायची फुकट सेवा) दोन-तीन शिक्षकांना ॲडमिन करता येतं, ते करा. आणि सगळे पासवर्ड, डोमेनची पावती, नूतनीकरणाची तारीख एका पाकिटात सीलबंद करून कपाटात ठेवा आणि चार्ज यादीत त्याची नोंद घ्या. हो, चार्ज यादीतच. प्रयोगशाळेतल्या चंचुपात्रांचा चार्ज आपण मोजून देतो-घेतो, मग ह्याचा का नको? आमच्याकडे आता चार्ज देताना ह्याची वेगळी ओळ असते.

आता वेबसाइट की ब्लॉग. दोन्ही करा, पण दोन्हींचं काम वेगळं ठेवा. शाळेची माहिती, प्रवेशाची कागदपत्रं, दाखल्याच्या अर्जाचा नमुना, शिक्षकांची नावं, वेळापत्रक, असल्या वर्षात दोनदा बदलणाऱ्या गोष्टींसाठी गुगल साइट्स पुरे आहे, फुकट आहे, कोडिंग लागत नाही, स्वतःचं डोमेन जोडता येतं, पाच-सहा पानं एका रविवारी होतात. अभ्यासाचं सगळं ब्लॉगरवर ठेवा, तिथे तारखेप्रमाणे पोस्ट साचत जातात, लेबल लावता येतात, मुलं खाली कमेंट करू शकतात (कमेंट तपासूनच दिसतील असं सेटिंग मात्र नक्की ठेवा). वर्डप्रेस चांगलंच आहे, मी स्वतः दोन वर्षं चालवलं, पण होस्टिंगचे, म्हणजे साइट ठेवायच्या जागेचे, पैसे दरवर्षी लागतात आणि प्लगिन, म्हणजे जोडलेली छोटी सॉफ्टवेअर, अपडेट करायला कुणी नसेल तर साइट हॅक होते, आमची झाली. शाळेत त्यासाठी वेगळा माणूस नसतो, आपणच तास घेऊन, पेपर तपासून उरलेल्या वेळात हे करतो.

ब्लॉगरची एक खोच लगेच सांगून ठेवते. पोस्टचं शीर्षक मराठीत दिलं की तो मराठी अक्षरं टाकून देतो आणि पत्त्यात नुसतं ब्लॉग-पोस्ट आणि पुढे एखादा आकडा असं काहीतरी येतं, नंतर कुठली लिंक कुठल्या पाठाची हे आपल्यालाच कळत नाही. म्हणून पब्लिश करायच्या आधीच उजवीकडे पर्मालिंकमध्ये (पोस्टचा पत्ता ठरवायची जागा) जाऊन इंग्रजी अक्षरांत इयत्ता, विषय, पाठ क्रमांक टाइप करा. लेबलंही पहिल्याच दिवशी ठरवून कागदावर लिहून भिंतीला लावा, दहावी, विज्ञान १, पाठ ७ अशी. नाहीतर एक शिक्षक दहावी लिहितो, दुसरा १०वी, तिसरा इयत्ता दहावी, आणि मुलाला एकाच वर्गाचं साहित्य तीन ठिकाणी शोधावं लागतं.

आता खरी गोष्ट. हे सगळं बघणार कोण? आमच्याकडे बघणारी मुलगी म्हणजे वस्तीवर राहणारी, संध्याकाळी धारा काढून झाल्यावर वडिलांचा मोबाइल तिला अर्धा तास मिळतो, स्क्रीनला तडा गेलेला, दिवसाचा डेटा तोवर निम्मा संपलेला, आणि टॉवर धरायला अंगणात यावं लागतं. मी प्रत्येक पान करताना तिलाच डोळ्यांसमोर ठेवते. तिला सरकती चित्रं नकोत, मनोगत नको, तिला भिंगे ह्या पाठाची सहा किरणाकृत्यांची आकृती हवी आणि ती चटकन उघडायला हवी. मोबाइलने काढलेला फोटो चार-पाच एमबीचा असतो, तो दीड-दोनशे केबीवर आणूनच टाका, आकृती तितकीच स्वच्छ दिसते. वहीची पानं स्कॅन करून केलेली तीस एमबीची पीडीएफ कुणीही उघडत नाही, त्यापेक्षा तोच मजकूर पोस्टमध्ये सरळ टाइप करा, मोबाइलवर अक्षर मोठं करून वाचता येतं, गुगलला सापडतं आणि हवं तेवढं कॉपी करून घेता येतं.

पीडीएफ द्यायचीच असेल तर ब्लॉगरवर ती चढत नाही, ड्राइव्हवर ठेवून लिंक द्यावी लागते, आणि इथे माझ्याकडून झालेली चूक तुम्ही करू नका. प्रथम घटक चाचणीच्या आदल्या रात्री मी सराव प्रश्नपत्रिका टाकली, लिंक वर्गाच्या ग्रुपवर पाठवली आणि झोपले. शेअरिंगमध्ये लिंक असणारा कुणीही बघू शकेल हे निवडायचं राहून गेलं. सकाळी मेल उघडला तर परवानगी मागणाऱ्या ३७ विनंत्या, सगळ्या मुलांच्या वडिलांच्या नावाने, शेवटची रात्री अकरा वाजून चाळीस मिनिटांची. म्हणजे तेवढ्या रात्रीपर्यंत ते पोर लिंक दाबत बसलं होतं. तेव्हापासून कुठलीही लिंक पाठवायच्या आधी मी ती दुसऱ्या फोनवर, माझं खातं नसलेल्या ब्राउझरमध्ये उघडून बघते. तुम्हीही शिपाईमामांच्या फोनवर उघडून बघा.

फॉन्टचं तुम्ही विचारलेलं नाही पण पहिल्याच आठवड्यात अडकाल. शाळेतल्या जुन्या प्रश्नपत्रिका बहुतेक श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये असणार, डीटीपीवाल्याकडून करून घेतलेल्या. त्या जशाच्या तशा वेबवर चिकटवल्या की इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते, कारण ते युनिकोड, म्हणजे सगळ्या फोन-कॉम्प्युटरवर सारखी दिसणारी अक्षरपद्धत, नाहीत. कन्व्हर्टर मिळतात, काम सोपं होतं, पण बदलून झाल्यावर एकदा डोळ्याखालून घालाच. दुसऱ्या, वाऱ्याचा, पृष्ठभागावरच्या असले शब्द आणि ॲसिड, ॲल्युमिनिअम मधला ॲ हे हमखास बिघडतात, आणि मुलं तेच उतरवून घेतात. नवीन मजकूर थेट युनिकोडमध्येच टाइप करा, इन्स्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड येत नसेल तर मोबाइलमधल्या गुगलच्या जीबोर्ड कीबोर्डवर मराठीत बोलून टाइप करा, मी आमच्या निवृत्तीला आलेल्या इतिहासाच्या सरांना हेच शिकवलं, ते पंधरा मिनिटांत पाठाचा सारांश सांगून मोकळे होतात आणि मग निवांत शुद्धलेखन तपासत बसतात. वेबसाइटसाठी मुक्ता हा फॉन्ट घ्या, मुंबईच्या एक टाइपने केलेला आहे, फुकट आहे, जोडाक्षरं स्वच्छ दिसतात.

साहित्य काय करायचं ह्यात बरेच शिक्षक उगाच दमतात. जे आधीच चांगलं तयार आहे ते परत करू नका, लिंक द्या. पाठ्यपुस्तकं ईबालभारतीवर मोफत आहेत. पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा ह्या सरकारी अभ्यास-साहित्याच्या पोर्टलवर नेतो, २०१७ पासून ते चालू आहे. क्यूआर कोडने काय होतं हे तर सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी दाखवलंच, २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाला तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये दिवसभर दुसरा विषय नव्हता. विज्ञान-गणितासाठी फेट ही अमेरिकेतल्या कोलोराडो विद्यापीठाची सिम्युलेशन्स आहेत, कार्ल वीमन ह्या नोबेल मिळालेल्या भौतिकशास्त्रज्ञाने २००२ मध्ये सुरू केलेली, त्यातली कितीतरी मराठीत आहेत आणि डाउनलोड करून नेटशिवायही चालतात. भूमितीला जिओजेब्रा, आकृत्या काढायचं फुकट सॉफ्टवेअर. एवढ्यावर निम्मं काम होतं.

आपण करायचं ते जे दुसरं कुणी करून देणार नाही. आमच्या ब्लॉगवर सगळ्यात जास्त बघितला जाणारा व्हिडिओ फक्त ५० सेकंदांचा आहे. मोरचुदाचं निळं द्रावण, त्यात आमच्या गावातल्या लोहाराकडून आणलेला लोखंडी खिळा. मोबाइल दोन पुस्तकांना टेकवून ठेवला, दर पाच मिनिटांनी एक शॉट घेतला आणि जोडले. खिळ्यावर तांबूस थर चढत जातो, निळा रंग फिका होत हिरवट होतो, आणि मागे एका मुलाचा आवाज येतो, "मॅडम, खिळा गंजला का?" तो आवाज मी कापला नाही, कारण बहुतेक मुलांच्या मनात तोच प्रश्न येतो, आणि त्याचं उत्तर, की हा गंज नव्हे, लोहाने तांब्याला विस्थापित केलंय, मी त्याच व्हिडिओत दिलंय. नेटवर ह्याच प्रयोगाचे चकचकीत व्हिडिओ ढिगाने आहेत, पण आपल्या प्रयोगशाळेतलं ते ओळखीचं टेबल आणि आपल्या बाईंचा आवाज असला की मूल शेवटपर्यंत बघतं.

चाचण्यांसाठी गुगल फॉर्म्समधलं क्विझ वापरा, पण रिकाम्या जागा भरा ठेवू नका, उत्तर अक्षर न् अक्षर जुळलं तरच मार्क मिळतो, हिमोग्लोबिन आणि हीमोग्लोबिन त्याला दोन वेगळे शब्द वाटतात आणि बरोबर लिहिणाऱ्या मुलाला शून्य पडतं. पर्यायी प्रश्न ठेवा. मार्कांपेक्षा खाली येणारा प्रश्नवार आलेख जास्त कामाचा असतो. मागच्या वर्षी बहिर्गोल भिंगाच्या चाचणीत वस्तू नाभी आणि प्रकाशीय मध्याच्या मधे ठेवली तर प्रतिमा कशी, ह्या प्रश्नाला ५८ पैकी ४१ जणांनी वास्तव आणि उलटी असं उत्तर दिलं होतं. मी वर्गात ते नीट शिकवलंय असं मला वाटत होतं! दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या हातात भिंग देऊन पुस्तकातली अक्षरं बघायला लावली, मोठी आणि सुलटी, मग आकृती.

दोन गोष्टी मात्र कटाक्षाने टाळा. पाठ्यपुस्तकाची किंवा गाइडची पानं स्कॅन करून चढवू नका, त्यांचे हक्क दुसऱ्याचे आहेत, चित्रं हवी असतील तर विकिमीडिया कॉमन्सवरून घ्या आणि खाली श्रेय द्या. आणि मुलांची माहिती. मी शाळांच्या वेबसाइटवर शिष्यवृत्तीच्या याद्या आधार आणि बँक खाते नंबरासकट उघड्या पडलेल्या बघितल्या आहेत, अंगावर काटा येतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्यात १८ वर्षांखालच्या मुलाच्या माहितीसाठी पालकांची संमती धरलेली आहे, म्हणजे आपली आठवी ते दहावी जवळपास पूर्णच आली. फोटोसाठी जूनमध्ये प्रवेश अर्जासोबतच एक संमतिपत्र भरून घ्या, फोटोखाली पूर्ण नाव नको, निकाल तर नकोच.

नेट नसलेल्या मुलांसाठी आमच्या कॉम्प्युटर रूममध्ये दर शनिवारी ब्लॉगवरचं सगळं एका पीसीवर उतरवून ठेवतो आणि मुलं पेनड्राइव्ह किंवा मेमरी कार्डवर घेऊन जातात. तिथेच किविक्स ह्या नेटशिवाय वाचायच्या सॉफ्टवेअरवर अख्खा मराठी विकिपीडिया ऑफलाइन टाकलाय, प्रकल्पाच्या वेळी त्या पीसीसमोर रांग असते.

उद्घाटनाचं म्हणाल तर मुख्याध्यापकांना सांगा की उद्घाटन होऊ द्या, फक्त त्या दिवशी दहावीच्या विज्ञान १ चे दहाही पाठ ब्लॉगवर असू द्यात, म्हणजे पाहुण्यांनी बटण दाबल्यावर काहीतरी उघडेल. दहा पाठांना दहा आठवडे धरा, आजपासून सुरुवात केलीत तर जमेल. पहिलं पान झालं की लिंक इथे टाका, मी वस्तीवरच्या दोन-तीन मुलांच्या घरच्या फोनवर उघडायला लावते आणि किती वेळात उघडलं ते तुम्हाला कळवते.