कापूस खरेदीच्या नोंदी आणि जावास्क्रिप्टमधील निश्चित स्थिरांक

आपल्या जिनिंगवरील गाड्यांची अवस्था साध्या मजकुरात लिहिली जाते, कुठे ‘मंजूर’ तर कुठे ‘मंजुर’ पडते आणि काही गाड्या चुकाऱ्याच्या यादीत येतच नाहीत, असे आपण लिहिले आहे. आमच्या तालुक्यातील कापूस खरेदीच्या नोंदी सांभाळताना हाच त्रास मी भोगला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

यावर उपाय म्हणजे सगळ्या अवस्था जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेत एकाच ठिकाणी, न बदलणाऱ्या मूल्यांचा (स्थिरांकांचा) संच म्हणून लिहिणे. हा संच ऑब्जेक्टमध्ये, म्हणजे नाव आणि मूल्य यांच्या जोड्यांत, ठेवतात; ते कसे करावे हे आपणास ठाऊक असेलच. कॉन्स्ट या शब्दाने ऑब्जेक्ट जाहीर केले तर फक्त त्या ऑब्जेक्टच्या नावाला दुसरे मूल्य देता येत नाही. आतील मूल्ये बदलता येतात, म्हणून ती गोठवणारे ऑब्जेक्ट.फ्रीझ हवेच, आणि तेही वरच्या थरापुरतेच चालते, आतल्या ऑब्जेक्टना लागू होत नाही. मात्र फ्रीझने आपला प्रश्न पूर्ण सुटणार नाही, कारण संचात नसलेले नाव वाचले तर जावास्क्रिप्ट त्रुटी न दाखवता मुकाट्याने अनडिफाइन्ड, म्हणजे ‘मूल्यच नाही’, असे देते. त्यासाठी अनोळखी मूल्य आले की त्रुटी फेकणारे एक छोटे फंक्शन ठेवावे.

खरा घात होतो तो आकड्यांनी. आम्हाला अवस्थांचे क्रमांक ज्या कार्यालयाकडून मिळत, त्याने ऐन हंगामात ‘नोंदणी’ आणि ‘वजन’ यांच्यामध्ये ‘ओलावा तपासणी’ ही नवी अवस्था घातली आणि पुढचे सगळे क्रमांक एकेकाने सरकवले. पत्र नाही, सुधारित यादी नाही; विचारायला गेलो तर एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पाठवले आणि अखेर ‘तो तुमच्या सॉफ्टवेअरचा प्रश्न आहे’ एवढेच सांगितले. जुन्या नोंदीत 2 म्हणजे ‘मंजूर’ होते, नव्या यादीत 2 म्हणजे नुसते ‘वजन झाले’. त्यामुळे मंजूर गाड्यांचे चुकारे अडले आणि ज्यांना वेचणीची मजुरी द्यायची होती ते शेतकरी रोज आमच्या दारात उभे राहू लागले. एका यादीचा कागद दिला असता तर हे टळले असते, याचा राग मला आजही आहे.

म्हणून माझे ठाम मत असे की मूल्य क्रमांक नसून छोटा मजकुरी संकेत असावा. टाइपस्क्रिप्ट या जावास्क्रिप्टवर आधारित भाषेतील एनममध्ये, म्हणजे नावांच्या ठरावीक यादीत, मूल्ये दिली नाहीत तर 0 पासून क्रमांक पडतात आणि मध्ये नाव घातले की तेही असेच सरकतात. सिम्बॉल हा जावास्क्रिप्टमधला एकमेव ओळख देणारा मूल्यप्रकार मी टाळतो, कारण नोंद जेसनमध्ये, म्हणजे माहिती साठवण्या-पाठवण्याच्या मजकुरी स्वरूपात, बदलताना सिम्बॉल मूल्य असलेला रकाना गळून पडतो. पडद्यावर दिसणारी मराठी नावे वेगळ्या तक्त्यात ठेवावीत. कारण ‘शेतकऱ्यास परत’ या अवस्थेच्या नावातला ऱ युनिकोड या अक्षरसंकेत पद्धतीत दोन प्रकारे साठवता येतो, आणि दिसायला सारखे असलेले ते दोन मजकूर तुलनेत वेगळे ठरतात.

ओलाव्याची 12 टक्के मर्यादा या संचात घालू नये. तो खरेदीचा निकष आहे, उद्या बदलू शकतो.

आपला सर्व्हर मी पाहिलेला नाही, त्यामुळे हे पडताळूनच वापरावे. जुन्या नोंदी बदलण्याआधी त्यांची प्रत काढावी, आणि कोणत्या तारखेपर्यंत कोणता शब्द किंवा क्रमांक कशासाठी वापरला गेला, हे त्या कार्यालयाकडून लेखी मागून घ्यावे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नये.