मोडीच्या कामाला ज्येष्ठ मदतनीस

प्रश्न : पेशवेकालीन महसुली कागदांवर माझं पीएच.डी.चं काम चालू आहे. मोडी येणारे चार ज्येष्ठ नागरिक लिप्यंतराला मदत करायला तयार आहेत. काम कसं वाटून द्यावं? मोबदला द्यावा का?
– संशोधक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : जरूर घ्या, पण आधी कुणाची मोडी किती चालते ते पाहा. शाळेत किंवा वर्गात वळणदार कित्ता गिरवलेल्या माणसाला कारकुनाचं घाईचं, शब्द न तोडता लिहिलेलं अक्षर लागेलच असं नाही. लिप्यंतर तपासून ठेवलेलं एखादं पान सगळ्यांना वाचायला द्या. चित्र लगेच स्पष्ट होतं.

खरी अडचण वेगळीच असते. मोडीत इकार-उकाराचा ऱ्हस्व-दीर्घ भेद सहसा पाळलेला नसतो. जाणती माणसं मग आजच्या शुद्धलेखनाप्रमाणे नकळत सुधारून लिहितात, आणि फाटलेला शब्दही सवयीनं पुरा करतात. म्हणून पानभर नियम लिहून द्या: ओळीला ओळ, जसं आहे तसं, न लागलेल्या अक्षराला चौकटी कंसात प्रश्नचिन्ह, अंदाज समासात. सुहूर सन, म्हणजे मृग नक्षत्रापासून सुरू होणारं आणि अरबी संख्याशब्दांत लिहिलेलं जुन्या कागदांतलं वर्ष, आकड्यात उतरवू नये, शब्दच लिहावेत. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे ११६१. इसवी सनासाठी मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवायचे. हे गणित तुम्हीच करा. ‘सबा’ म्हणजे सात, ‘सबैन’ म्हणजे सत्तर; इथे चुकलं तर कागद साठ-सत्तर वर्षं सरकतो.

प्रत्येक पान दोघांना द्या, पण स्वतंत्रपणे. एकत्र बसवलं की वयानं मोठ्या व्यक्तीचं वाचन दुसरा आदरापोटी मान्य करतो, आणि दुहेरी वाचनाचा उपयोगच उरत नाही. दोन्ही प्रती ताडून फरकाच्या जागी मूळ कागद पाहा.

छापील प्रत ए-थ्री आकारात, रंगीत द्या. काळी-पांढरी केली की फिकट अनुस्वार जातात. पाऊण तासानं विश्रांती हवीच.

मोबदला द्याच, तोही तासावर. पानावर दिलात तर अवघड पानं मागे राहतात. प्रवासखर्च वेगळा. प्रबंधात श्रेय कोणत्या नावानं हवं, हे सुरुवातीलाच लेखी विचारून घ्या. काम करताना ते घरच्या वतनाच्या आठवणी सांगू लागले आणि त्या तुम्हाला वापरायच्या असतील, तर त्यांची भूमिका बदलते: ते मदतनीस न राहता संशोधनाला माहिती देणारे होतात. तेव्हा विद्यापीठाच्या नीतिसमितीला विचारून वेगळं संमतिपत्र घ्या.