दुर्मीळ दुष्परिणाम आणि डॉक्टरांची जबाबदारी

सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यातील एका वाचकाचे ७१ वर्षांचे वडील प्रोस्टेटच्या कर्करोगाने आजारी असून तो हाडांत पसरला आहे. पुण्यातील एका खासगी रुग्णालयाने त्यांना एन्झाल्युटामाइड हे या कर्करोगावरचे औषध गोळ्यांच्या रूपात सुरू केले. गेल्या वर्षी मार्चमध्ये त्यांना घरीच फिट आली. डॉक्टरांच्या सहायकाने व्हॉट्सॲपवर ‘गोळी चालू ठेवा, पुढच्या तारखेला दाखवा’ असे कळवले. नवव्या दिवशी पुन्हा फिट येऊन ते न्हाणीघरात पडले व खुब्याचे हाड मोडले. हा धोका कोणी सांगितला नव्हता. रुग्णालय मात्र ‘अत्यंत दुर्मीळ दुष्परिणाम’ म्हणून हात वर करते. पोलिसांत जावे की ग्राहक आयोगात, असा या वाचकांचा प्रश्न आहे. त्यांना माझे उत्तर असे.

‘धोका सांगितला नाही’ एवढ्याच मुद्द्यावर आपली बाजू लंगडी पडेल. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये असे ठरवले की, उपचाराचे स्वरूप, पर्याय आणि महत्त्वाचे धोके रुग्णाला सांगणे बंधनकारक आहे. दूरचे किंवा केवळ तात्त्विक धोके सांगितलेच पाहिजेत असे नाही. या औषधाच्या चाचण्यांत फिट येण्याचे प्रमाण सुमारे ०.६ टक्के होते, आणि रुग्णालयाचे वकील हाच आकडा पुढे करतील.

परंतु हा आकडा आपल्या वडिलांचा नाही. आपण पाठवलेल्या पहिल्या केस पेपरच्या छायाप्रतीवर ‘जुना पक्षाघात’ अशी नोंद आहे, आणि त्याच पानावर दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल लिहिले आहे. मुख्य चाचण्यांतून पक्षाघात झालेले आणि ट्रॅमाडॉलसारखी फिटची शक्यता वाढवणारी औषधे घेणारे रुग्ण सहसा वगळलेले होते. अशी जोखीम असलेल्या ३६६ रुग्णांच्या स्वतंत्र अभ्यासात हे प्रमाण २.२ टक्के आढळले. हा धोका प्रचंड नसला तरी, नोंद डोळ्यांसमोर असताना रुग्णाशी त्याविषयी बोलायला हवे होते, असा युक्तिवाद आयोगासमोर करता येतो.

माझ्या मते आपली खरी ताकद मात्र त्या नऊ दिवसांत आहे. पहिली फिट दुर्मीळ म्हणून माफ होऊ शकते. ती आल्यानंतर दुसरी दुर्मीळ राहत नाही. औषधाच्या अमेरिकेतील माहितीपत्रकात, उपचारादरम्यान फिट आल्यास औषध कायमचे बंद करावे, असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणून तो संदेश पुसू नका. त्याचा फोटो ठेवा आणि मूळ मोबाइलही विकू नका.

रुग्णालय असेही म्हणेल की फिट औषधाने नव्हे, तर मेंदूत पसरलेल्या कर्करोगामुळे आली. प्रोस्टेटचा कर्करोग मेंदूत क्वचितच जातो. तरीही फिटनंतर एमआरआय झाला होता का आणि त्यात काय दिसले, यावर निकाल फिरू शकतो. तो झाला नसेल, तर का केला नाही, हा प्रश्न आपण त्यांनाच विचारावा. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञांचा अभिप्राय सक्तीचा नाही, हे व्ही. किशन राव खटल्यात २०१० मध्ये ठरले आहे. येथे मात्र मेंदूविकारतज्ज्ञांचे शपथपत्र जोडल्याशिवाय उभे राहू नये.

पोलिसांत जाण्याचा विचार सोडावा. जेकब मॅथ्यू निकालानुसार (२००५) डॉक्टरांवर फौजदारी कारवाईसाठी निष्काळजीपणा अत्यंत गंभीर स्वरूपाचा असावा लागतो, आणि या प्रकरणात तो तसा दिसत नाही. वर्षे जातील आणि भरपाई हाती येणार नाही.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मधील कलम ३४ नुसार तक्रारदार राहतो तेथील जिल्हा आयोगात तक्रार करता येते. पुण्याला खेटे घालण्याची गरज नाही, सांगलीत दाखल करा. आयोगाची मर्यादा मागितलेल्या भरपाईवर नव्हे, तर उपचारासाठी दिलेल्या रकमेवर ठरते. ही रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग पुरेसा आहे, आणि ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. बिले आपण भरली असल्याने वडिलांबरोबर आपणही तक्रारदार होऊ शकता. वडिलांना भान नसेल, तर तसा वैद्यकीय दाखला जोडून आपण त्यांच्या वतीने दाद मागावी.

कागद मात्र आधी. वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या विनियमांनुसार रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या नातेवाइकाने मागणी केल्यास ७२ तासांत कागदपत्रे द्यावी लागतात. अर्ज रजिस्टर पोस्टाने करा, पोचपावती जपा आणि केस पेपर, परिचारिकांच्या नोंदी, संमतीपत्र व एमआरआयचा अहवाल यांचा नावानिशी उल्लेख करा. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून २ वर्षे असल्याने येत्या मार्चपूर्वी ती दाखल झालीच पाहिजे. उशीर माफ होऊ शकतो; पण त्यासाठी आयोगाला पटेल असे कारण द्यावे लागते, आणि ‘रुग्णालय कागद देत नव्हते’ हे कारण पोचपावती असेल तरच टिकेल.