अर्जातलं 'बाबत'

परभणी

प्रिय लेकरा,

जालन्याच्या बियाणे कंपनीला नोकरीसाठी लिहिलेला तुझा इंग्रजी अर्ज वाचला. शेतीचा भाग चोख आहे. ओल्या गोणपाटात सोयाबीनचे १०० दाणे मांडून उगवण कशी मोजतोस, ते नेमकं लिहिलंस. त्यातलं काही बदलू नकोस. बोलायचंय ते 'बाबत' या अर्थानं तू लिहिलेल्या 'विथ रिगार्ड्स टू'बद्दल. एका पानात ते जागोजागी आलंय.

आधी शेवटचा 'स' काढ. इथं 'रिगार्ड' म्हणजे संबंध, म्हणून एकवचनच: 'विथ रिगार्ड टू'. 'रिगार्ड्स' म्हणजे शुभेच्छा, त्यांची जागा पत्राच्या शेवटी, सहीच्या वर. घोटाळा बहुतेक 'ॲज रिगार्ड्स'मुळे होतो. तिथं 'स' बरोबर आहे, कारण ते क्रियापद आहे. आणि त्याच्यापुढं 'टू' लागत नाही.

पण मला खरी अडचण दिसते ती आपल्या 'बाबत'ची. तलाठ्याकडं जा की तहसीलला, 'विषय : पीकविम्याची रक्कम मिळणेबाबत' असंच लिहायची आपल्याला सवय. तीच तुझ्या विषयाच्या ओळीत उतरली. इंग्रजीत 'सब्जेक्ट' लिहिलं की 'बाबत' त्यातच आलं. पुढं नुसतं 'ॲप्लिकेशन फॉर द पोस्ट ऑफ फील्ड ऑफिसर' लिही. पगाराच्या ओळीत तर तू 'विथ रिगार्ड्स ऑफ' केलंयस. 'पगाराच्या बाबतीत' मधला 'च्या' डोक्यात होता, म्हणून 'ऑफ' आला. तिथंही 'टू'च हवं.

एका ठिकाणी मात्र हेच 'बाबत' तुझ्या कामाला येईल. 'विथ रिगार्ड्स टू जॉइन' लिहिलंस, ते 'विथ रिगार्ड टू जॉइनिंग' कर. मराठीत तू 'रुजू होबाबत' म्हणशील का? 'रुजू होण्याबाबत'च म्हणतोस ना? ते 'होणं' म्हणजेच तिथलं 'जॉइनिंग'. या 'टू'पुढं नाम येतं, नाहीतर असं नामासारखं रूप. हे एकदा नीट बसलं, की 'लुकिंग फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू'सुद्धा तू कुणाला न विचारता बरोबर लिहिशील.

जाहिरातीचा उल्लेख 'विथ रेफरन्स टू'नं कर. ठरावीक तारखेच्या कागदाला उत्तर देताना तेच शोभतं. पगाराचं 'अबाउट'नं भागतं. म्हणजे 'विथ रिगार्ड टू' अख्ख्या अर्जात एकदाच उरेल, रुजू होण्याच्या ओळीत. एवढं दुरुस्त कर आणि उद्याच धाडून दे, मला पुन्हा दाखवायची गरज नाही.

तुझे सर