गुडघा बदललेल्या आजींची दिवाळी

दिवाळीत पेशंटला फराळाची सूट दे, व्यायामाची नको. ऑपरेशनला तीनेक आठवडे झाले असताना चार दिवस खंड पडला की गुडघा वाकायला अडतो. त्याहून वाईट म्हणजे पूर्ण सरळ होईनासा होतो आणि चाल लंगडी राहते. म्हणून गुडघ्याखाली उशी नाही. घरचे मायेने नेमकी तीच ठेवतात. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी, दहा मिनिटं. पलंगावर टाच सरकवणं दहा वेळा, दिवसातून तीनदा. त्यातली एक वेळ अभ्यंगस्नानानंतरची ठरवून टाक, अंग मोकळं असतं.

त्या स्नानाचीच खरी धास्ती. तेलकट तळवा आणि ओली फरशी! तेल बसूनच लावायचं, जखमेवर नाही, तळव्यांना तर नाहीच. पोटरी चोळू देऊ नकोस. ती सुजून दुखली, गरम लागली तर लगेच सर्जनला फोन.

‘चकल्या पाडू का?’ हे विचारतीलच. हो म्हण. सोऱ्या टेबलावर, आजी उंच खुर्चीत, अर्ध्या तासाने उठून घरात एक फेरी. रांगोळी पाटावर काढून दारात ठेवता येते. आकाशकंदिलासाठी स्टुलावर मात्र नातवानेच चढायचं.

जिना: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा.