कारखाना, नदी आणि पोचपावती

कारखान्यांच्या शेजारी राहणाऱ्या वाचकांकडून प्रश्न मागवले होते. एकाच धाटणीचे प्रश्न एकत्र केले आहेत. पर्यावरण परवानगी आणि हरित न्यायाधिकरणाचे नियम केंद्राचे असल्याने गोव्यातल्या वाचकांनाही तेच लागू पडतात. माहिती अधिकाराचं शुल्क आणि अर्जाचे नियम मात्र इथे महाराष्ट्राचे दिले आहेत.

गावालगतच्या रासायनिक कारखान्याच्या विस्तारासाठी पुढच्या महिन्यात लोकसुनावणी आहे. पेपरात जाहिरात आली तेव्हा कळलं. सरपंच म्हणतात, त्या दिवशी सगळे जाऊन घोषणा देऊ. एवढ्याने भागेल का? (कोकणातील वाचक)

नाही भागणार. घोषणांची नोंद इतिवृत्तात ‘ग्रामस्थांनी विरोध दर्शवला’ अशी एका ओळीत होते. प्रकल्प ‘अ’ वर्गातला (केंद्राकडे जाणारा) असेल तर दिल्लीतली आणि ‘ब’ वर्गातला (राज्याकडे जाणारा) असेल तर मुंबईतली मूल्यांकन समिती ती ओळ वाचते आणि पान उलटते.

१४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण परवानगीच्या अधिसूचनेनुसार सुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक भाषेतल्या दैनिकात यावी लागते. हे ३० दिवस तुमच्या अभ्यासासाठीच आहेत. जाहिरातीचं कात्रण तारखेसकट जपून ठेवा. दिवस कमी भरत असतील तर ती पहिली हरकत.

आघात मूल्यांकन अहवालाचा (प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल ते सांगणाऱ्या अहवालाचा) मसुदा आणि त्याचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र आणि स्थानिक पंचायत किंवा नगरपालिकेत ठेवलेला असतो. पहिल्याच आठवड्यात दोघातिघांनी जाऊन तो मागा. ‘साहेब नाहीत, कपाटाला कुलूप आहे’ असं उत्तर मिळालं, तर तिथेच साध्या कागदावर ‘अमुक तारखेला, अमुक वाजता अहवाल पाहायला मिळाला नाही’ असं लिहून आवक शिक्का घ्या.

अहवाल जाडजूड असतो. सगळा वाचायच्या फंदात पडू नका. चार गोष्टी काढा: पाण्याचा ताळेबंद (किती घेणार, किती सोडणार, कुठे सोडणार), हवा-पाण्याचे नमुने कुठून व कोणत्या महिन्यांत घेतले, आजूबाजूच्या १० किलोमीटरमधल्या वस्त्या-ओढे-विहिरींची यादी, आणि अपघात झाल्यास करायच्या उपायांचं प्रकरण. चुका बहुधा इथेच सापडतात. बारमाही ओढ्याचा ‘हंगामी नाला’ झालेला असतो, गावाची पाणीपुरवठ्याची विहीर नकाशावर नसते, नमुना कारखान्याच्या वरच्या अंगाला घेतलेला असतो. कधी वनस्पतींच्या यादीत भलत्याच जिल्ह्यातली झाडं उगवलेली असतात. एका अहवालातला मजकूर दुसऱ्यात चिकटवला की असं होतं.

या चुका किरकोळ समजू नका. खोटी किंवा दिशाभूल करणारी माहिती दिल्यास परवानगी नाकारता येते किंवा रद्द करता येते, असं अधिसूचनेतच आहे. गोव्यातल्या मोपा विमानतळाच्या प्रकरणात अर्जात परिसराबद्दलची महत्त्वाची माहिती दिली नव्हती, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये परवानगी स्थगित करून समितीला फेरविचार करायला लावला होता.

हरकत लिहिण्याची पद्धत: एका कागदावर एकच हरकत. वर अहवालाचा पान क्रमांक आणि तिथलं वाक्य, त्याखाली प्रत्यक्ष स्थिती, त्याखाली पुरावा (सातबारा, विहिरीचा फोटो, मच्छीमार सोसायटीची नोंद) आणि शेवटी नेमकी मागणी. दोन प्रती काढा. एक प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात द्या, दुसरीवर शिक्का घेऊन घरी ठेवा. पाचशे जणांनी सही केलेल्या एकाच छापील पत्रापेक्षा अशा वेगवेगळ्या पंचवीस हरकती जड जातात. कारण प्रत्येकीला स्वतंत्र उत्तर द्यावं लागतं.

सुनावणीवर बहिष्कार टाकला तर ती रद्द होते ना?

हा समज फार पसरलेला आहे आणि तो गावांना महागात पडतो. लोकसुनावणीला गणपूर्ती नसते. तिघे आले तरी सुनावणी ‘पार पडली’ अशी नोंद होते. अधिसूचनेतलं आणखी एक कलम कुणी सांगत नाही: स्थानिक लोकांना मोकळेपणाने मत मांडता येण्यासारखी परिस्थिती नाही, असा अहवाल गेला तर सुनावणीशिवायच पुढे जाण्याचा निर्णय घेता येतो. म्हणजे मंडप उधळला तर फायदा कुणाचा, हे तुम्हीच ताडा.

अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्यापेक्षा कमी दर्जाचा नसलेला त्यांचा प्रतिनिधी हवा. उपस्थित प्रत्येकाला माहिती विचारण्याची व म्हणणं मांडण्याची संधी द्यावी लागते. पूर्ण सुनावणीचं व्हिडिओ चित्रीकरण बंधनकारक आहे; चित्रीकरणाच्या प्रतीची लेखी मागणी तिथेच करा. वक्ते आधी वाटून घ्या: एकाने पाणी, एकाने रोजगाराचे आकडे, एकीने आरोग्य. सगळे ‘आमची शेती गेली’ म्हणून बसले तर दहा भाषणांची एकच ओळ होते. बोलताना आपल्या लेखी हरकतीचा आवक क्रमांक उच्चारा, म्हणजे कागद आणि चित्रीकरण एकमेकांना जोडले जातात.

सगळ्यांत मोठी चूक दुपारी होते. भाषणं संपली की लोक जेवायला निघून जातात. कार्यवाहीचा गोषवारा मात्र त्याच दिवशी, शेवटी, मराठीतून वाचून दाखवायचा असतो आणि मग त्यावर सही होते. गाळलेला मुद्दा घालून घ्यायची हीच वेळ. दहा जणांनी तरी डबा घेऊन यावं आणि शेवटपर्यंत बसावं.

पुढे समितीला या हरकतींचा नुसता उल्लेख करून चालत नाही. गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणीबाबतच्या उत्कर्ष मंडळ प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००९ मध्ये म्हटलं की, सुनावणीतल्या हरकतींवर समितीने विचार केला हे तिच्या कारणांतून दिसलं पाहिजे. अर्थात हरकत नोंदलेलीच नसेल तर कारण कशाचं मागणार?

रात्री नदीत काळं पाणी येतं. बाटलीत भरून मंडळाच्या कार्यालयात नेलं, तर ‘याला कायद्यात अर्थ नाही’ म्हणाले. हे खरं का?

अर्धं खरं. जल अधिनियम १९७४ च्या कलम २१ प्रमाणे कारखान्याविरुद्ध पुरावा म्हणून चालणारा नमुना मंडळाच्या अधिकाऱ्यानेच घ्यायचा असतो. कारखान्याला तशी नोटीस द्यायची, नमुना दोन भांड्यांत भरायचा, दोन्ही सीलबंद करायची, दोन्ही बाजूंच्या सह्या घ्यायच्या. तुमची बाटली यात बसत नाही. शिवाय पाणी कोमट बाटलीत तासन् तास राहिलं की बीओडीचा (पाण्यातली सेंद्रिय घाण कुजताना लागणाऱ्या ऑक्सिजनचा) आकडा बदलतो. नमुना ४ अंश सेल्सिअसला ठेवून लगेच प्रयोगशाळेत पोचावा लागतो.

पण तक्रारीसाठी तुमच्या नोंदींना पूर्ण अर्थ आहे. शंभर पानी वही करा: तारीख, वेळ, ठिकाण, रंग, वास, पीएच कागदाचा आकडा, मेलेले मासे, टँकर दिसला असेल तर त्याचा क्रमांक. नमुना घेण्याच्या दोन जागा पक्क्या करा, एक सांडपाणी मिळण्याच्या वर आणि दुसरी खाली, पाणी नीट मिसळल्यावर. वरच्या जागेचा आकडा नसेल तर ‘पाणी वरूनच घाण येतं’ हे उत्तर ठरलेलं. नदीत सोडायच्या सांडपाण्यासाठी सर्वसाधारण मर्यादा पीएच ५.५ ते ९, बीओडी लिटरला ३० मिलिग्रॅम, सीओडी (घाणीच्या रासायनिक विघटनाला लागणारा ऑक्सिजन) २५० आणि तरंगते कण १०० अशी आहे. तुमच्या कारखान्याच्या संमतीपत्रात (मंडळाने कारखान्याला दिलेल्या परवानगीत) याहून कडक आकडे असू शकतात, तेव्हा तेच धरा.

तीन-चार आठवड्यांच्या नोंदींवरून पाणी कोणत्या वारी, किती वाजता सुटतं हे दिसायला लागतं. मग उपप्रादेशिक अधिकाऱ्यांना लिहा: ‘मंगळवार-शुक्रवार पहाटे २ ते ४ या वेळेत संयुक्त पाहणी करावी व पंचनाम्यावर ग्रामस्थांच्या सह्या घ्याव्यात.’ सकाळी अकराच्या पाहणीत स्वच्छ पाणी मिळणारच. त्या अहवालाने तुमचीच तक्रार निकाली निघते. विहिरीचं पाणी ग्रामपंचायतीमार्फत भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तपासून घ्या. तो अहवाल सरकारी असतो, त्याला कुणी बाटलीतलं पाणी म्हणू शकत नाही.

माहिती अधिकारात कारखान्याची कागदपत्रं मागितली. ‘व्यावसायिक गुपित, त्रयस्थ पक्ष’ म्हणून नाकारली. काय करावं?

आधी अर्ज तपासा. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत हवा. ‘कारखान्याची सर्व माहिती द्यावी’ असं लिहिलं की नाकारायला आयतंच कारण मिळतं. कागदाचं नाव घेऊन मागा: चालू संमतीपत्र, मागच्या दोन वर्षांचे पाहणी अहवाल व विश्लेषण अहवाल, कारणे दाखवा नोटिसा, जप्त केलेल्या बँक हमींचा तपशील, दर वर्षी ३० सप्टेंबरपर्यंत द्यायचं पर्यावरण विवरण (नमुना ५), घातक कचऱ्याचं ३० जूनपर्यंतचं वार्षिक विवरण (नमुना ४), आणि पर्यावरण परवानगीच्या अटींचा १ जून व १ डिसेंबरचा सहामाही पालन अहवाल.

गुपिताचं कलम म्हणजे ८(१)(घ). उत्पादनाची कृती गुपित असू शकते; गटारात काय सोडलं हे नाही. व्यापक लोकहित असेल तर त्याच कलमाखाली माहिती द्यावी लागते. त्रयस्थ पक्षाला, म्हणजे इथे कारखान्याला, विचारणं म्हणजे त्याची परवानगी घेणं नव्हे. ५ दिवसांत नोटीस, त्याला म्हणणं मांडायला १० दिवस, आणि निर्णय एकूण ४० दिवसांत, तोही माहिती अधिकाऱ्यानेच घ्यायचा. शिवाय जल अधिनियमाच्या कलम २५ नुसार मंडळाने ठेवलेली संमतीच्या अटींची नोंदवही बाधित व्यक्तीला पाहता येते. त्यासाठी माहिती अधिकाराचीही गरज नाही.

नकारानंतर ३० दिवसांत पहिलं अपील (२० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प), त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. आयोगाकडे प्रकरणं तुंबलेली असतात, म्हणून सगळा भरवसा पहिल्या अपिलावर ठेवा आणि सुनावणीला स्वतः जा.

एक जास्तीची वाट. कारखाना एमआयडीसीत असेल तर त्याच्या पाणी बिलाच्या नोंदी एमआयडीसीकडे मागा. संमतीपत्रात दिवसाला १०० घनमीटरची मुभा असून बिल १६० चं येत असेल, तर उत्पादन परवानगीपेक्षा जास्त आहे किंवा सांडपाण्याचा आकडा खोटा आहे. मंडळाच्या संमतीपत्रात सांडपाणी प्रक्रियेसाठी वेगळं वीज मीटर लावण्याची अटही सहसा असते. त्या मीटरचं रीडिंग पाहणी अहवालात शोधा. महिनाभर जेमतेम फिरलेलं मीटर म्हणजे यंत्रणा फक्त साहेब आल्यावर चालते.

परवानगी मिळाल्याचं आम्हाला दोन महिन्यांनी कळलं. आता हरित न्यायाधिकरणात जाता येईल?

घाई केली तर येईल. अपिलाची मुदत ३० दिवस, सबळ कारण दाखवल्यास आणखी ६०. नव्वद दिवसांनंतर एक दिवसही माफ होत नाही. परवानगी मिळाल्यापासून ७ दिवसांत कंपनीने ती दोन स्थानिक वृत्तपत्रांत जाहीर करायची असते. तशी जाहिरात आलीच नसेल तर उशिराच्या माफी अर्जात हेच पहिलं कारण लिहा. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे. भरपाई मागितली नसेल तर शुल्क १००० रुपये. परवानगीला आव्हान न देता चालू प्रदूषणाविरुद्ध दाद मागायची असेल, तर कारण घडल्यापासून ६ महिने आणि भरपाईसाठी ५ वर्षं मिळतात.

कंपनी शाळेला बाकं देते, त्यामुळे गाव गप्प आहे. सीएसआरचा (कंपनीने समाजासाठी करायच्या खर्चाचा) हिशोब मागता येतो?

येतो. ५ कोटी नफा, १००० कोटी उलाढाल किंवा ५०० कोटी निव्वळ मूल्य यांपैकी एक निकष पुरा होत असेल, तर मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम खर्चावी लागते आणि तिचा तपशील वार्षिक अहवालात द्यावा लागतो. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शुल्क भरून कोणत्याही कंपनीची दाखल कागदपत्रं पाहता येतात. सांडपाणी प्रक्रिया हे कंपनीचं कायदेशीर कर्तव्य आहे. त्याचा खर्च सीएसआरमध्ये दाखवलेला दिसला तर जरूर विचारा.

ऑनलाइन याचिकेवर हजारो सह्या झाल्या. पुढे?

प्रिंट काढून आवक शिक्का घ्या. नाहीतर ती कुणाकडेच पोचलेली नाही. शासनाने मसुदा काढून हरकती मागवल्या असतील तर सह्यांपेक्षा मसुद्यातल्या कलमाचा क्रमांक घेऊन पाठवलेलं पत्र उपयोगी. मसुदा फक्त इंग्रजीत असेल तर मराठीत मागा. पर्यावरण आघाताच्या २०२० च्या मसुद्याबाबत दिल्ली उच्च न्यायालयाने आठव्या अनुसूचीतल्या भाषांत भाषांतर करायला सांगितलं होतं आणि हरकतींची मुदत ११ ऑगस्ट २०२० पर्यंत वाढवली होती.

कंपनीने बदनामीची नोटीस पाठवली आहे. तक्रार मागे घ्यावी का?

नोटीस म्हणजे खटला नव्हे. सक्षम अधिकाऱ्याकडे सद्भावनेने केलेली तक्रार हा बदनामीच्या कायद्यातलाच अपवाद आहे. सांभाळायचं ते व्हॉट्सॲप आणि फलक. ‘कंपनी विष पाजते’ असं लिहू नका. ‘मंडळाच्या अमुक तारखेच्या अहवालात सीओडी अमुक आहे, मर्यादा २५०’ असं लिहा. मालकाच्या घरच्यांचा, जातीचा, पैशाचा उल्लेख नको. नोटिशीला दिलेल्या मुदतीत वकिलामार्फत दोन परिच्छेदांचं उत्तर द्या आणि सोबत आधीच्या तक्रारींच्या पोचपावत्यांच्या झेरॉक्स जोडा.