‘हवं तर मारा, पण शाळेतून काढू नका’

“छडी बंद झाली आणि मुलं हाताबाहेर गेली. आता शिस्त लावायची तरी कशी?” समुपदेशनासाठी कोणत्याही शाळेत गेले की शिक्षकखोलीत हा प्रश्न हमखास येतो. पालकांचा प्रश्न थोडा वेगळा असतो: पोरगं शाळेत मारामारी करतं, घरी मारून पाहिलं, समजावून पाहिलं, फरक पडत नाही, आता काय करू? दोन्ही प्रश्नांमागची काळजी खरी आहे. साठ-पासष्ट मुलांच्या वर्गात बाई एकट्या उभ्या असतात, निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामं त्यात वरून. त्यांना कोरडा उपदेश करण्यात अर्थ नाही. म्हणून एका मुलाची हकिगत सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तालुक्याच्या गावातली अनुदानित शाळा. आठवीतल्या ओमने मधल्या सुट्टीत वर्गातल्याच एका मुलाच्या दंडात करकटक खुपसलं. जखम खोल नव्हती, पण रक्त आलं, धनुर्वाताचं इंजेक्शन द्यावं लागलं. ओमची ही पहिली मारामारी नव्हती. दोन्ही घरचे पालक कार्यालयात बसले होते. जखमी मुलाचे वडील पोलिसांत जायच्या तयारीत होते. ओमच्या आईसमोर कोरा कागद ठेवलेला होता, शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी अर्ज लिहा म्हणून. ती कापडाच्या दुकानात कामाला आहे, अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती. कागदाला हात न लावता ती म्हणाली, “सर, हवं तर मारा त्याला, माझी काही हरकत नाही. पण शाळेतून काढू नका.”

हे वाक्य मी बऱ्याच आयांच्या तोंडून ऐकलं आहे आणि दर वेळी मला त्याचा त्रास होतो. मारणं किंवा काढून टाकणं, शाळेकडे दोनच गोष्टी आहेत असं त्या आईला वाटतं आणि त्यातली कमी वाईट ती निवडते. खरं तर कायद्याने दोन्ही बंद आहेत. 2009 चा शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच्या कलम 17 नुसार मुलाला शारीरिक शिक्षा करता येत नाही, मानसिक छळही करता येत नाही. कलम 16 नुसार प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत शाळेतून काढून टाकता येत नाही. पालकाकडून ‘स्वतःच्या इच्छेने दाखला नेत आहे’ असं लिहून घेणं ही पळवाट झाली. मुख्याध्यापकांना मी हे बाजूला घेऊन सांगितलं. त्यांनी कागद उचलला, तेव्हा कुठे आई खुर्चीवर नीट टेकली.

जखमी मुलाच्या वडिलांनाही मी स्पष्ट बोलले. पोलिसांत जायचा त्यांना हक्क होता. पण ओम तेरा वर्षांचा. 2015 च्या बाल न्याय कायद्याखालच्या नियमांप्रमाणे अशा प्रकरणात मोठ्या माणसावर होतो तसा एफआयआर होत नाही. स्टेशन डायरीत नोंद होते आणि मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल बाल न्याय मंडळाकडे जातो. ते शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, “ते सगळं ठीक आहे मॅडम. उद्या माझ्या पोराला परत धरलं तर?” त्या दिवशी त्या खोलीतला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच होता, आणि त्याचं उत्तर शाळेकडे नव्हतं.

उत्तर शोधायला मी शिस्तीची नोंदवही मागितली. ‘उद्धट वर्तन, समज दिली.’ ‘मारामारी, पालकांना बोलावले.’ पानंच्या पानं अशी. बहुतेक शाळांत असंच लिहिलेलं असतं आणि त्यावरून काहीच कळत नाही. वर्गशिक्षिकेला मी विनंती केली की काही आठवडे आठवीतल्या प्रत्येक भांडणाची एक ओळ लिहा: किती वाजता, कुठे, त्याच्या आधी काय चाललं होतं, नंतर काय झालं, भोवती कोण होतं. आणखी एक रजिस्टर म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. पण त्यांनी स्वतःच्या डायरीची मागची पानं घेतली आणि मनापासून लिहिलं. पुढे जे काही झालं त्याचं श्रेय त्या पानांना आहे.

पहिली गोष्ट जागेची निघाली. वर्गात भांडणं जवळजवळ नव्हतीच. ती होत होती मधल्या सुट्टीच्या शेवटच्या काही मिनिटांत, पाण्याच्या टाकीपाशी. नळ चार, त्यातले दोन बंद. घंटा व्हायच्या आत सगळ्या शाळेला पाणी प्यायचं आणि डबे धुवायचे. त्याच वेळी सगळे शिक्षक शिक्षकखोलीत जेवत असायचे.

दुसरी गोष्ट ओमची. त्याची भांडणं मुख्यतः अशा दिवशी होती, ज्या दिवशी सुट्टीनंतर मराठीचा किंवा इंग्रजीचा तास असे. त्या तासांना एकेकाला उभं करून धडा मोठ्याने वाचायला लावत. भांडण झालं की ओमला शिक्षा ठरलेली: वर्गाबाहेर व्हरांड्यात उभं राहायचं. म्हणजे वाचन टळलं. शाळा ज्याला शिक्षा समजत होती तीच त्याची सुटका होती. मी त्याच्याकडून वेगळं वाचून घेतलं. चौथीच्या पुस्तकातला परिच्छेद त्याने जोडाक्षरांपाशी अडखळत, घाम पुसत वाचला. ज्या मुलाला त्याने करकटक मारलं, तो टाकीपाशी त्याच्या वाचनाची नक्कल करायचा.

ओम हे ठरवून करत होता का? नाही. तेरा वर्षांचं मूल असा हिशेब मांडत नाही. “का मारलंस?” विचारलं की “राग आला” एवढंच सांगे, आणि ते खरंच होतं. म्हणून अशा मुलांना मी ‘का’ विचारत नाही. ‘त्याच्या जरा आधी काय झालं?’ असं विचारलं की पोरं बोलतात, कारण तिथे त्यांना स्वतःची बाजू मांडायची नसते, फक्त आठवायचं असतं.

तिसरी गोष्ट घोळक्याची. प्रत्येक नोंदीत दहा-पंधरा मुलं भोवती होती. काही हसणारी, काही ‘सोडू नको’ म्हणणारी, बरीचशी गप्प. फिनलंडमधल्या क्रिस्टिना साल्मिवाली या मानसशास्त्रज्ञांनी 1990 च्या दशकापासून याच बघ्यांचा अभ्यास केला. त्यांच्या कामातून उभा राहिलेला ‘कीवा’ नावाचा कार्यक्रम तिथल्या शाळांत मुख्यतः बघ्या मुलांवर काम करतो. दादागिरी करणाऱ्याला प्रेक्षक लागतात, हे आपल्याकडच्या टाकीपाशीही तितकंच खरं आहे.

शाळेच्या बैठकीत क्रीडाशिक्षक म्हणाले, “मॅडम, आमच्या वेळी एक फटका बसला की वर्षभर गप्प.” त्यांचं म्हणणं मी झटकून टाकलं नाही. फटक्याने शांतता होते हे खरं आहे, पण मारणारा जिथे उभा असतो तिथपर्यंतच. ओमला घरी वडिलांचा पट्टा माहीत होता. मार खायची त्याला सवय होती आणि मोठा माणूस चिडला की हात उचलतो हे तो शिकलेला होता. त्याच धड्याची उजळणी शाळेने करून काय साधणार? मात्र मारायचं नाही याचा अर्थ काहीच करायचं नाही असा बऱ्याच शिक्षकांनी घेतला आहे. मूळ गफलत तिथे आहे. वागण्याचा परिणाम मुलाला भोगायला लागलाच पाहिजे, तोही दर वेळी तोच, आणि दुसऱ्या दिवसावर न ढकलता.

न मारता काय करता येतं, याचं एक उदाहरण नॉर्वेचं. 1982 साली उत्तर नॉर्वेत तीन मुलांनी आत्महत्या केल्या. बरोबरीच्या मुलांनी केलेला छळ हे त्यामागचं कारण असावं असं पुढे आलं आणि 1983 मध्ये तिथल्या सरकारने देशभर मोहीम घेतली. डॅन ओल्वेउस या संशोधकाने बर्गनमधल्या 42 शाळांतल्या सुमारे 2500 मुलांबरोबर जे काम केलं त्यात छळाचे प्रकार जवळपास निम्म्यावर आले. त्यात काय होतं? सुट्टीत मैदानावर मोठी माणसं, वर्गाने मिळून केलेले मोजके नियम, त्यावर नियमित गप्पा, आणि प्रसंग घडला की दोन्ही मुलांशी आणि दोन्ही घरांशी गंभीरपणे बोलणं. यातलं काहीही आपल्या तालुक्याच्या शाळेला न परवडणारं नाही.

मुख्याध्यापकांनी आधी नळ दुरुस्त केले. मग पाचवी ते सातवीला पाण्यासाठी आधी सोडायचं ठरलं आणि दोन शिक्षकांनी आळीपाळीने डबा लवकर खाऊन टाकीपाशी थांबायचं. या दोन बदलांनीच भांडणं बरीच कमी झाली. हे सांगताना मला बरं वाटतं, कारण यासाठी कोणत्याही समुपदेशकाची गरज नाही. आठवीच्या वर्गात आम्ही चुगलीवर बोललो. कुणाला मार बसत असताना सरांना बोलवायला धावणं ही चुगली नाही, हा नियम मुलांनीच फळ्यावर लिहिला. एका मुलीने विचारलं, “पण सर नंतर आमचं नाव सांगणार नाहीत ना?” मुलं का गप्प बसतात ते तेव्हा सगळ्या शिक्षकांना कळलं आणि तसं वचन तिथल्या तिथे दिलं गेलं.

ओमला वर्गाबाहेर उभं करणं थांबलं. भांडण झालं तर थोडा वेळ शांत बसायचं आणि त्याच तासाला वर्गात परत यायचं. करकटकाच्या प्रकाराबद्दल त्याची मधली सुट्टी बरेच आठवडे ड्यूटीवरच्या सरांच्या नजरेखाली गेली, कंपासपेटी वर्गशिक्षिकेकडे जमा राहिली. सगळ्यांसमोर वाचायला लावणं तूर्त बंद. परिपाठाच्या आधी बाई त्याच्याकडून लहान गोष्टी वाचून घेऊ लागल्या. वडील टेम्पो चालवतात, शाळेत आले नाहीत. त्यांच्याशी मी फोनवर बोलले आणि एकच मागितलं: शाळेची चिठ्ठी आली त्या रात्री हात उचलू नका, फक्त काय झालं ते विचारा. बाईंनी चांगल्या दिवसाचीही चिठ्ठी पाठवायचं कबूल केलं. पहिली तशी चिठ्ठी गेली तेव्हा वडिलांनी शाळेत फोन करून विचारलं, “आता काय केलं त्याने?”

दिवाळीनंतर ओमचं पुन्हा एकदा भांडण झालं. ढकलाढकली झाली आणि मुठी आवळलेला ओम स्वतःच ड्यूटीवरच्या सरांकडे चालत गेला. वाचन सुधारतंय, हळूहळू. कोणी विचारलं मुलगा सुधारला का, तर मी हो म्हणणार नाही. त्याला आता भांडणाआधी थांबता येतं, कधीकधी.

राहिला दुसरा मुलगा. अशा वेळी सगळं लक्ष मारणाऱ्यावर जातं आणि मार खाणाऱ्याला कार्यालयात बोलावून ‘चला, हात मिळवा’ म्हणून विषय संपवतात. ते मी होऊ दिलं नाही. घाबरलेल्या मुलाला सरांसमोर नाही म्हणता येत नाही, आणि बाहेर पडल्यावर त्याच हस्तांदोलनाची किंमत त्याला मोजावी लागते. त्याच्याशी मी एकटीने बोलले. नक्कल केल्याचं त्याने कबूल केलं. नक्कल करणं चूक होतं आणि तरी त्याला करकटक लागलं यात त्याचा दोष नव्हता, या दोन्ही गोष्टी मी दोन्ही मुलांना सांगितल्या. काही झालं तर थेट जायला त्याने स्वतः एक शिक्षक निवडले. बसायची जागा त्याने ठरवली. ते शिक्षक दर शनिवारी वडिलांना फोन करत.

तुमचं मूल शाळेत जायच्या वेळी पोट दुखतं म्हणत असेल, वह्या फाटून येत असतील, खाऊचे पैसे संपतात पण खाऊ खाल्लेला नसेल, तर वर्गशिक्षकांना लेखी कळवा. दखल घेतली गेली नाही तर मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीकडे जा. मूल संकटात असेल तर 1098 ही हेल्पलाइन आहे. मनावर ताण असेल तर 14416 वर टेलिमानसचे समुपदेशक बोलतात.

ओमने माफीचं पत्र लिहिलं, तीन ओळींचं, स्वतःच्या हाताने. ते घ्यायचं की नाही हे त्या मुलावर सोडलं होतं. त्याने घेतलं, पण बोलणार नाही म्हणाला, आणि आम्ही ते मान्य केलं. नववीत दोघांना वेगळी तुकडी द्यावी, एवढी एकच मागणी त्या मुलाच्या वडिलांनी शेवटी केली. शाळेने ती लेखी मान्य केली आहे.